जू, दांडी आणि वळण : ओझं नेमकं कोणाच्या मानेवर?

वरवे बुद्रुकच्या या मंडपात आम्हाला बोलायला उभं केलंत, त्याबद्दल आधी आभार. संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, "गाडीच्या जोडाचा इतिहास." पलीकडे जरा शांतता पसरली. तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आत्म्याबद्दल, फार तर गीतेबद्दल बोलेल अशी अपेक्षा असते. पण आपण बसलोय तिथून हाकेच्या अंतरावर पुणे-सातारा हमरस्ता आहे, आणि थंडीचे दिवस आले की त्याच रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. आत्म्याइतकाच हा विषयही आपल्या जिवाशी निगडित आहे, हे तासाभरात पटलं तर बघा.

सुरुवात एका फोनपासून करू. आमचा एक भाचा अमेरिकेत असतो. सुट्टीत कुटुंबाला घेऊन गाडीमागे घरासारखी ट्रेलर-गाडी लावून हिंडायची त्याला हौस. तिकडे गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडावर दोन स्प्रिंगच्या पट्ट्या बसवतात. ट्रेलरचं नाक मोटारीच्या शेपटीवर टेकलं की मोटारीची शेपटी दबते, तोंड उचललं जातं आणि पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं. मग स्टिअरिंग हलकं लागतं, ब्रेकही नीट धरत नाहीत. त्या पट्ट्या ताणून बसवल्या की तरफेसारखं काम करतात आणि शेपटीवरचं काही ओझं पुढच्या चाकांवर, काही ट्रेलरच्या चाकांवर वाटून देतात. भाच्याचा प्रश्न असा होता : "मामा, सरळ रस्त्यावर हे समजतं. पण गाडी वळते तेव्हा त्या पट्ट्यांवरच्या भाराचं काय होतं? वाटप तसंच राहतं का?"

आम्ही त्याला म्हणालो, "अरे, हा प्रश्न तुझ्या पणजोबांच्या बैलांना विचारायला हवा होता." तो हसला. आम्ही मात्र गंभीरपणे बोललो होतो. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर समजा.

बैलगाडीपासून सुरू करू, कारण आपल्याकडे जोडाचा इतिहास तिथूनच सुरू होतो. प्रवरेच्या काठी दायमाबाद नावाचं गाव आहे, श्रीरामपूर तालुक्यात. तिथे १९७४ साली काशाच्या मूर्तींचा एक साठा सापडला : हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. हा रथ साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. दोन बैल, त्यांच्या मानेवर जू, जुवापासून मागे गेलेली लांबलचक दांडी आणि मागे उभा असलेला माणूस. दांडीवर एक छोटा कुत्राही आहे. या मूर्ती नेमक्या कोणत्या काळातल्या यावर विद्वानांचे वाद आहेत. बरेच जण त्या उत्तर-हडप्पा काळातल्या, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या मानतात. आपल्याला आज त्या वादात पडायचं नाही. आपल्याला पाहायची आहे ती दांडी. चाकाच्या आसापासून बैलाच्या मानेपर्यंतचं अंतर किती लांब घेतलंय, ते त्या मूर्तीत डोळ्यांत भरतं.

लांब का, याचं गणित अगदी सोपं आहे. गाडीत हजार किलो माल आहे आणि आसापासून जुवापर्यंत ३ मीटर अंतर आहे असं धरू. मालाचा मध्य बरोबर आसावर आला, तर बैलांच्या मानेवर वरून काहीच ओझं येत नाही, फक्त ओढायचं काम उरतं. मालाचा मध्य आसाच्या पुढे ३० सेंटिमीटर सरकला तर मानेवर येतात १०० किलो. नुसता वीतभर, ६० सेंटिमीटर, आणखी पुढे… नाही, वीत एवढी मोठी नसते, चुकलो. (हशा.) एक वीत म्हणजे २० सेंटिमीटरच्या आसपास धरा. वीतभर माल पुढे सरकला की मानेवर जवळजवळ ६७ किलो वाढतात. दांडी ३ मीटरऐवजी दीडच मीटर असती, तर हेच आकडे दुप्पट झाले असते. दांडीची लांबी हे बैलाचं संरक्षण आहे.

उलट, माल आसाच्या मागे गेला तर गाडी उलाळ होते, दांडी वर उचलली जाते आणि सापत्या बैलाच्या गळ्याला खालून काचतात. म्हणून जुने गाडीवान पोती रचताना एक पोतं पुढे, एक मागे असं करत करत शेवटी दांडीला हात घालून बघायचे. थोडी जड लागली पाहिजे, पण एका हाताने उचलता आली पाहिजे. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आमच्या आजोबांना तर अक्षरओळखही नव्हती. पण आज इंजिनिअर ज्याला जोडावरचा उभा भार म्हणतात, तो ते हाताने तोलून बघायचे.

आणि बेंदराच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी व्हायची. तूप-हळद घेऊन बैलाच्या खांद्याला चोळायची. तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी हे केलं असेल. आम्ही त्याकडे धार्मिक विधी म्हणून बघत होतो. आता वाटतं, वर्षभर जोडावर किती भार पडला याची ती वार्षिक तपासणीच होती. हात फिरवताना समजायचं, डाव्या बैलाचा खांदा सुजलाय का, उजव्याला गाठ आलीय का. एकाचाच खांदा वारंवार दुखावत असेल तर जू वाकडं आहे, किंवा रोजच्या वाटेवर एकाच बाजूची वळणं जास्त आहेत, हेही त्यातून उमगायचं.

आता वळणाकडे येऊ. दोन चाकांच्या बैलगाडीत दांडी आणि साटा एकसंध असतात, मध्ये सांधा नसतो. मग गाडी वळते कुठे? ती वळते बैलांच्या मानेत. जुवाच्या शिवळा आणि सापत्या सैल असतात, त्या सैलपणातच सगळं वळण सामावतं. आतल्या बाजूचा बैल जागच्या जागी पावलं टाकतो, बाहेरचा लांबचा फेरा मारतो. दोघांत १.२ मीटर अंतर असेल तर काटकोनात वळताना बाहेरच्याला जवळजवळ १.९ मीटर जास्त चालावं लागतं. आणि तो चालताना दांडीला बाजूने ढकलतो. म्हणजे सरळ रस्त्यावर मानेवर दोनच गोष्टी असतात, वरचं ओझं आणि पुढची ओढ. वळणावर तिसरी येते, आडवी ढकल. गाडीवानाला ती दिसते, कारण बैल मान फिरवतो, थांबतो, फुरफुरतो. जोड जिवंत आहे, तो बोलतो.

पण आपल्या भागात गाडी ही अशी पूर्वापार सगळीकडे होती असं समजू नका. सह्याद्रीच्या या बाजूला बराच काळ माल जायचा तो बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे धान्य आणि मीठ घेऊन घाट चढायचे-उतरायचे. पाठीवरच्या गोणीला ना जोड, ना वळणाचा प्रश्न. चाक घाटात यायला रस्ता हवा. बोरघाटाचा चाकाच्या गाड्यांसाठीचा रस्ता गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, १८३० साली खुला झाला. त्याच दशकात इंदापूर, माढा या बाजूला जमिनीची नवी मोजणी चालू होती आणि टेंभुर्णीला लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने सुधारलेल्या गाड्या बनवण्याचा कारखाना घातला. त्याआधीच्या गाड्या अवजड आणि बेढब होत्या, त्यांना ओढायला बैलांच्या अनेक जोड्या लागायच्या. आज आपण जिला "पारंपरिक" बैलगाडी म्हणतो, आऱ्यांच्या चाकांची आणि लोखंडी धावेची, तिचा दख्खनभरचा प्रसार मुख्यतः या काळानंतरचा आहे. परंपरा कधी कधी आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच तरुण असते.

हा जोड युद्धातही महत्त्वाचा होता. तोफ ही अतिशय हट्टी वस्तू. तिचं वजन एकाच ठिकाणी साठलेलं, आणि तिला वळवायचं म्हणजे बैलांची अख्खी रांग वळवायची. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारदी यांचा तोफखाना होता. त्याची जरब मोठी होती, पण जड तोफा ऐन लढाईत हलवणं आणि फिरवणं हे त्या काळी सगळ्यांनाच अवघड जायचं. युरोपात यावर एक उपाय रुळला होता. तोफेच्या गाड्याची शेपटी एका वेगळ्या दोनचाकी गाड्यावर, एका उभ्या खुंटीवर टेकवायची. म्हणजे पुढे दोन चाकं, मागे दोन चाकं आणि मध्ये फिरणारा सांधा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये ग्रिबोव्हाल यांनी तोफखान्याची जी नवी बांधणी केली तिच्यात हलकेपणावर आणि हालचालीवर भर होता. पुढे महादजी शिंद्यांनी द बॉइनच्या हाताखाली कवायती फौज उभी केली, तेव्हा उत्तरेत त्यांचा तोफखानाही युरोपीय धर्तीवर बांधला गेला.

इथे आमच्या इतिहासातला पहिला टप्पा लक्षात घ्या. वळणाचा सांधा बैलाच्या मानेतून निघाला आणि मागे लोखंडाच्या खुंटीवर गेला. ओढणारा आणि ओढलं जाणारं यांच्यामध्ये आता एक कोन तयार व्हायला लागला.

चारचाकी घोडागाड्यांत हाच कोन पुढच्या आसात आला. पूर्ण आस मधल्या खिळ्याभोवती फिरायचा. मोठ्या वळणावर तो इतका फिरे की चाक साट्याखाली जाई, गाडीचा पाया अरुंद होई आणि गाडी कलंडे. १८१७ च्या सुमारास म्युनिकचे गाडी-कारागीर लांकेनश्पेर्गर यांनी वेगळी रचना काढली. आस स्थिर ठेवायचा, फक्त टोकांची चाकं फिरवायची, आणि आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळवायचं. लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि नाव त्यांचंच राहिलं. त्याही आधी इंग्लंडातले वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी असाच विचार केला होता. हे चार्ल्स डार्विन यांचे आजोबा. रुग्णांकडे घोडागाडीने हिंडावं लागायचं, त्यामुळे गाडी उलटण्याचा प्रश्न त्यांना पुस्तकी नव्हता. आज तुमच्या दारातल्या प्रत्येक मोटारीत ही रचना आहे. मोटारीचा प्रश्न सुटला. पण मोटारीमागे दुसरी गाडी लावली, की मधला सांधा पुन्हा जिवंत होतो.

तर भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आता देऊ. त्या स्प्रिंगच्या पट्ट्या ट्रेलरबरोबर फिरतात. त्यांचा उचलून धरण्याचा जोर नेहमी ट्रेलरच्या लांबीच्या दिशेत असतो. गाडी आणि ट्रेलर एका रेषेत असतील, तर तो सगळा जोर मोटारीचं तोंड खाली दाबण्यात खर्च होतो. वळण घेतलं की जोराचे दोन भाग पडतात. एक भाग अजून पुढच्या चाकांना दाबतो, दुसरा मोटारीला कुशीवर पिळतो. शाळेतलं त्रिकोणमिती आठवा. पट्ट्यांचा ताण तोच आहे असं धरलं, तर १५ अंशांच्या वळणात पहिला भाग शंभरातले ९७ राहतो, म्हणजे फरक जाणवणारही नाही. ३० अंशांत ८७. ४५ अंशांत ७१. ६० अंशांत निम्मा, ५०. आणि काटकोनात शून्य. तिथे सगळा जोर पिळण्यात गेलेला असतो.

प्रत्यक्षात ताणही तोच राहत नाही. जोडाचा गड्डा थोडा मागे कललेला बसवतात, त्यामुळे वळताना बाहेरच्या बाजूची पट्टी आणखी ताणली जाते आणि आतल्या बाजूची सैलावते. म्हणून तिकडचे लोक पेट्रोल पंपाच्या तंग वळणावर कर्रकर्र आवाज ऐकतात आणि घाबरतात. हमरस्त्यावर मात्र हे काही घडत नाही. जोडापासून ट्रेलरचा आस ४ मीटरवर असेल आणि वळणाची त्रिज्या १०० मीटर असेल, तर कोन दोन-तीन अंशांचा. ६ मीटर त्रिज्येत वळलात तर तोच कोन चाळीस अंशांच्या वर जातो. भाच्याला आम्ही म्हणालो, "रस्त्यावर निर्धास्त रहा. वाटप मोडतं ते अंगणात, पंपावर, गल्लीत. तिथे हळू जा." एवढं सांगून आम्ही मोकळे झालो असतो. पण फोन ठेवल्यावर झोप लागेना, कारण हेच अंगणातलं वळण आम्ही एकदा पाहिलं होतं.

ते सांगण्याआधी ट्रॅक्टरचा टप्पा पुरा करू. ट्रॅक्टर आला आणि सुरुवातीला लोकांनी त्याला बैलासारखं वागवलं. मागे साखळी बांधायची आणि ओढायचं. पण बैल ओढताना पुढे वाकतो, ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातं. नांगर दगडात अडकला की पुढची चाकं वर, आणि चालक खाली. अशा अपघातांनी अनेक देशांत माणसं गेली. हॅरी फर्ग्युसन या आयरिश माणसाने दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तीन बिंदूंची जोडणी सिद्ध केली. अवजार ट्रॅक्टरला नुसतं बांधलेलं नाही, त्याच्या अंगाचाच भाग झालं. १९३९ साली फोर्डच्या ट्रॅक्टरवर ती जोडणी आली आणि जगभर पसरली. आज आपल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे ते तीन हात दिसतात.

नांगराचा प्रश्न असा सुटला. ट्रॉलीचा सुटला नाही, कारण ट्रॉली अंगाचा भाग होऊ शकत नाही, तिला वळायचं असतं. ती पुन्हा एका पिनेवर येऊन लटकली.

आणि आपल्याकडे ट्रॉली आली ती उसाबरोबर. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना उभा राहिला, १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झालं, आणि पुढच्या चाळीस वर्षांत महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात कारखान्यांची रांग लागली. आपल्या भोर तालुक्यात निगड्याला, अनंतनगरला, राजगड सहकारी साखर कारखाना झाला. आधी ऊस बैलगाडीतून जायचा. मग रबरी टायरच्या गाड्या आल्या. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे प्राध्यापक एन. एस. रामस्वामी यांनी देशभरातल्या बैलगाड्यांचा अभ्यास करून, जू आणि चाक सुधारा म्हणजे जनावराचे हाल वाचतील, असं वर्षानुवर्षं सांगितलं. जनावराने किती ओझं ओढावं याचे नियम केंद्र सरकारने १९६५ सालीच केले होते, आणि त्यात चाकाच्या प्रकाराप्रमाणे वेगवेगळी मर्यादा आहे. बैलाच्या मानेचा निदान विचार तरी झाला.

ट्रॅक्टरला मान नाही. म्हणून कोणी विचारत नाही.

आकडे बघू. एका आसाची ट्रॉली आहे, भरून आठ टन. तिचं नाक पिनेवर ५०० किलो टेकतंय. पीन ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या ७० सेंटिमीटर मागे, आणि ट्रॅक्टरच्या दोन आसांत २ मीटर अंतर. तर नुसतं उभं असतानाच पुढच्या चाकांवरून १७५ किलो उचलले गेले. आता वीसास एक असा चढ आला. ट्रॉली नुसत्या चढापोटी ४०० किलोंनी मागे ओढतेय. पिनेची उंची अर्धा मीटर असेल तर आणखी १०० किलो पुढून गेले. स्टिअरिंग फिरवलं तरी पुढची चाकं घसरत सरळच जातात, हे तुमच्यातल्या चालकांनी अनुभवलं असेल. म्हणून तर काही जण पुढे लोखंडाची वजनं टांगतात, आणि काही जण, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, बॉनेटवर दोन माणसं बसवतात.

आता उतार घ्या आणि त्याच उतारावर वळण. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला. मागून ट्रॉली ४०० किलोंनी ढकलतेय. सरळ असताना ही ढकल पुढे जाते. १० अंशांचं वळण झालं की त्यातले ७० किलो ट्रॅक्टरच्या शेपटीला बाजूला लोटतात. ३० अंशांत २००. ६० अंशांत ३४६. आणि गंमत बघा, गंमत म्हणायचं कसं, पण बघा. शेपटी बाजूला गेली की कोन वाढतो, कोन वाढला की आडवी ढकल वाढते, ती वाढली की शेपटी आणखी जाते. अडकित्ता मिटावा तशी दोन्ही वाहनं एकमेकांवर मिटतात. भाच्याच्या पट्ट्यांचं गणित आणि हे गणित एकच आहे. सरळ जोर कमी होतो, आडवा वाढतो. तिकडे जोर स्प्रिंगचा, इकडे आठ टन उसाचा.

याच रस्त्यावर पुढे खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे येताना जे नागमोडी वळण लागतं, तिथे २०१८ च्या एप्रिलमध्ये मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो उलटला आणि अनेक जीव गेले. तिथे ट्रॉली नव्हती, जोड नव्हता. पण उतार, वळण आणि मागे बसलेली माणसं, हे तिन्ही होतं. ओझं नेहमी त्याच क्षणी आपली जागा बदलतं, आणि त्या ओझ्यात बरेचदा माणसं असतात.

आता तो प्रसंग. सत्तरच्या दशकाचा शेवट असेल. आम्ही पीएच.डी.चं काम करत होतो, विषय होता कार्यकारणभाव. उन्हाळ्यात इकडे एका नातलगाकडे मुक्कामाला होतो. गुऱ्हाळाकडे उसाची ट्रॉली चालली होती. आम्ही वर उसावर बसलो. शेजारचा एक मुलगा, दहा-अकरा वर्षांचा, मागे पळत आला. "मला पण." वर जागा नव्हती. आम्ही त्याला म्हणालो, "बस की दांडीवर." ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मधली ती लोखंडी दांडी. सगळेच तिथे बसायचे. सरळ रस्त्यावर ती झोपाळ्याइतकी सुरक्षित वाटते. मागच्या टायरपासून ट्रॉलीच्या कोपऱ्यापर्यंत चांगली दोन हात जागा असते.

गुऱ्हाळाच्या आवारात शिरताना चालकाने पूर्ण वळण घेतलं. त्याचा वेग बैलगाडीइतकाच होता. कोन वाढला, आणि आतल्या बाजूची ती दोन हात जागा चार बोटांची झाली. मुलगा वाचला, पण त्याचा पाय गेला.

त्यानंतर गावात जे बोलणं झालं ते आम्हाला अजून ऐकू येतं. कोणी म्हणालं चालकाने बघायला हवं होतं. कोणी म्हणालं ट्रॉली जास्त भरली होती. कोणी म्हणालं फाटकच अरुंद. मुलाच्या आईने कोणालाच बोल लावला नाही. आम्ही कार्यकारणभावावर प्रबंध लिहीत होतो, पण "बस की दांडीवर" हे तीन शब्द कुठल्या प्रकरणात बसवायचे ते आम्हाला कळलं नाही. प्रबंध पुरा झाला, पदवी मिळाली, नोकरीही झाली. ते शब्द राहिलेच.

मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतात, तू रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय? दांडी म्हणजे रथ का? आस? चाक? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. यातून निघतं ते असं की रथ हे एक सोयीचं नाव आहे, भागांपलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. आम्ही हे तीस वर्षं वर्गात शिकवलं. विद्यार्थ्यांनाही आवडायचं. पण आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेने एक गोष्ट जास्त बारकाईने पाहिली असं आम्हाला आता वाटतं. ते म्हणतात, संयोग हा एक गुण आहे आणि तो एकाच द्रव्यात राहत नाही, जोडलेल्या दोन्ही द्रव्यांत राहतो. पिनेवरचा भार ट्रॅक्टरचा का ट्रॉलीचा, हा प्रश्नच चुकीचा. तो दोघांचा आहे. म्हणूनच तो कोणाचाच नाही असं समजून आपण निघून जातो. ट्रॅक्टरवाला म्हणतो ट्रॉली दुसऱ्याची. ट्रॉलीवाला म्हणतो भरणारी टोळी वेगळी. टोळीचा मुकादम म्हणतो, खेपा मोजून पैसे मिळतात, मग भरणारच. कारखान्याच्या काट्यावर एकूण वजन मोजलं जातं. जोडावरचं वजन कुठल्याच काट्यावर येत नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, हा इतिहास प्रगतीचा आहे, पण काहीतरी हरवल्याचाही आहे. वळणाचा सांधा बैलाच्या मानेत होता तेव्हा तो सुजायचा, दुखायचा, बेंदराला त्यावर हात फिरायचा. तो लोखंडात गेला, तेव्हा जनावर सुटलं, हे चांगलंच झालं. जुवाखालच्या बैलाची अवस्था ज्यांनी पाहिली आहे ते मागे जाऊया म्हणणार नाहीत. पण पीन झिजते ती मुकाट्याने. तिच्यावर हात फिरवायची चाल आपण पाडली नाही.

ती पाडता येईल का? त्याला यंत्र लागत नाही. ट्रॉली भरताना मोळ्या मागे-पुढे समान रचा, सगळा ऊस नाकावर किंवा सगळा शेपटीवर नको. आठवड्यातून एकदा पीन काढून बघा. झिजली असेल तर बदला, आणि तिची अडकणखीळ तारेने नव्हे, खिळीनेच लावा. उतार सुरू होण्याआधीच वेग कमी करा, कारण वळणात ब्रेक दाबला की आत्ता सांगितलेलं सगळं एकदम घडतं. दोन ट्रॉल्या असतील तर जोड दोन, तपासणीही दोन. आणि शेवटचं : दांडीवर कोणी बसायचं नाही. पाहुणा नाही, पोर नाही, आणि ऊसतोड्याची बायको लेकरू घेऊन आली तरी तिला "बस की" म्हणायचं नाही.

तो मुलगा आता साठीच्या घरात आला. त्याने आमच्याशी बोलणं कधी टाकलं नाही, उलट दर भेटीत चहा पाजतो. त्याच्या मुलाकडे ट्रॅक्टर आहे. गेल्या वर्षी आम्ही त्यांच्या अंगणात उभे होतो, ट्रॉली लावलेली होती. दांडीवर हात टेकायला गेलो आणि हात मागे घेतला. मुलाने तिच्यावर वीतभर उंचीच्या सळ्या उभ्या वेल्ड करून टाकल्या आहेत, एकीला लागून एक. कोणाला बसताच येऊ नये म्हणून. आम्ही त्याला विचारलं, हे कोणी सुचवलं? तो म्हणाला, "कोणी नाही आजोबा. वडिलांचा पाय बघतच मोठा झालो ना."

वेळ झाली. प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्या चालक मंडळींनी आधी विचारावं, कारण आमच्या आकड्यांत चूक असेल तर ती त्यांनाच आधी कळेल.